दर्याने परत केलेला नारळ

"अहो, नारळ परत आला."

मी होडीच्या मागच्या फळीवर बसून चहात टोस्ट बुडवत होतो. खाली पाण्यात पाहिलं. हळद-कुंकू लावलेला, शेंडीवाला, हर्णैहून सुगंधाच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून विमानातून आणलेला आमचा एकुलता एक नारळ होडीच्या कुशीवर डोकं आपटत होता. टक्. जरा लांब गेल्यासारखं करायचा, वळायचा, आणि पुन्हा टक्. शेजारीण वाटीभर साखर मागायला आल्यासारखा.

"जाईल गं," मी म्हणालो. "ओहोटी लागू दे. मैलभर ओढून नेईल त्याला."

"केव्हाची बघतेय मी. जागचा हलत नाहीये."

"म्हणजे आता लागेलच ओहोटी."

माझा टोस्ट चहात तुटून पडला. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

हे सगळं ग्रीसच्या एका बेटावर घडलं. बेटाचं नाव मी सांगणार नाही. एक तर सांगितलं की लोक जातील आणि ते शांत राहणार नाही. दुसरं म्हणजे तिथे माझी जी शोभा झाली, तिचे साक्षीदार अजून हयात आहेत. मरीना म्हणजे तरी काय, दगडी धक्का, त्याला बांधलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शिडाच्या होड्या, एक अंजिराचं झाड, आणि त्याखाली स्ताव्रोस. तिथला साहेब तोच, शिपाई तोच आणि पाण्याचा नळ उघडून देणाराही तोच. त्याचा एक कुत्रा होता. नाव फिफी, आकार वासराएवढा.

आता मी तिथे कसा, तर मी सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढलेला माणूस. जगातल्या यच्चयावत समुद्रांवरून गेलो, पण खालून. वर सूर्य आहे की वादळ, हे मला वरून वाजणाऱ्या घंटेवरून कळायचं. म्हणून निवृत्त झाल्यावर शपथच घेतली होती की आता वर बसायचं, वारा खायचा आणि सुकाणू हातात धरायचं. एका डच म्हाताऱ्याची जुनी शिडाची होडी घेतली, तिच्या मागच्या बाजूला झोकदार अक्षरांत 'सुगंधा' असं रंगवलं आणि बायकोला घेऊन निघालो. बेटामागून बेटं झाली. सुकाणूचं चाक मी फक्त झोपताना सोडायचो. दोर ओढणं, शीड गुंडाळणं आणि माझी ओरड ऐकणं, ही कामं सुगंधाकडे.

ती हर्णैची. तिचे वडील तिथले नामांकित तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. त्यांच्या होडीत बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम. लहानपणी सुगंधा किनाऱ्यावर उभी राहून होड्या कशा येतात, कशा जातात ते बघायची. नुसती बघायची. लग्न झाल्यावर दर्याचं नाव तिने फारसं काढलं नाही. मला वाटायचं, विसरली.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही या मरीनात शिरलो. तिथे होडी उलटी, म्हणजे मागची बाजू धक्क्याला लावून बांधायची पद्धत. वारा होता, आणि धक्क्यावर सगळे बघत उभे होते.

"डावा दोर! डावा! अगं, माझा डावा!" मी चाकावरून ओरडलो.

"तुमचा डावा तुम्हीच ओढा!"

"उजवीकडे घे! नको, राहू दे! फेक! फेक म्हणतोय ना!"

तिने फेकला. दोर स्ताव्रोसच्या गळ्यात पडला. स्ताव्रोस खुर्चीवरून उठला, हे फार बरं झालं, कारण पुढच्याच क्षणी आमच्या होडीची मागची बाजू धक्क्यावर चढल्यासारखी झाली आणि ती खुर्ची पाण्यात गेली. फिफीने उडी मारून ती काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मी फिफीसाठी होत्या असं धरून चालतो.

संध्याकाळी सुगंधाने कुकरची शिट्टी होऊ दिली आणि मग शांतपणे बोलली. ती ओरडली की मला भीती वाटत नाही. शांतपणे बोलली की वाटते.

"माझं नाव मागे रंगवलंत आणि मला पुढे दोराला बांधलंत. माझं आता भरलं. उद्या नारळीपौर्णिमा. दर्याला नारळ देते. त्याने घेतला तर तुमच्याबरोबर ठरल्याप्रमाणे क्रीट बेटापर्यंत येईन. परत केला, तर मी विमानाने घरी."

"परत कसा करेल? दर्या काय दुकानदार आहे?"

"बाबा सांगायचे. एका वर्षी नारळ परत आला होता. त्या वर्षी त्यांनी आठ दिवस होडी लोटली नाही."

"आठ दिवसांनी लोटली ना?"

"लोटली. परत आलेल्या नारळाचा अर्थ तांडेल लावतो. त्यांनी लावला."

"झालं तर! इथला तांडेल मी. मी आत्ताच सांगतो, अर्थ चांगलाच आहे."

सुगंधाने नुसतं स्ताव्रोसच्या ओल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. वाळायला ठेवली होती बिचारी अंजिराखाली.

ती घरी गेली असती तर माझा खेळ संपला होता. शीड आणि सुकाणू एकट्याने मला झेपत नाही. खरं सांगायचं तर एकट्याने चहासुद्धा झेपत नाही. होडी विकावी लागली असती आणि उरलेलं आयुष्य मी गॅलरीत कुंडीला पाणी घालत काढलं असतं. तेव्हा तो नारळ जाणं म्हणजे माझ्यासाठी सगळं काही होतं. आणि तो तर टक् टक् करत होता.

शेजारच्या होडीवर डीटर नावाचा जर्मन होता. त्याची होडी इतकी चकाचक की बगळेसुद्धा तिच्यावर बसायला लाजायचे. तो पितळेची कडी पुसत होता. मी त्याला विचारलं, "ओहोटी कधी लागते इथे?"

त्याने फडकं खाली ठेवलं. "ओहोटी? इथे ओहोटी नसते."

"नसते म्हणजे?"

"भूमध्य समुद्र आहे हा. पाणी वीतभर वर, वीतभर खाली. इथला चंद्र फक्त दिसायला."

साऱ्या जन्मात मी या समुद्रातून किती वेळा गेलो असेन, देव जाणे. पण इंजिनखोलीत पाणी चढलं की उतरलं, कोण बघतो? पाण्यात नारळ सोडला की ओहोटी तो ओढून नेणार, हे आम्हा कोकणातल्या माणसांना शिकवावं लागत नाही, तसंच कधीतरी ते नेणार नाही हेही कुणी शिकवत नाही. सुगंधाने हे ऐकलं. ती पदर खोचून म्हणाली, "मला ओहोटी-बिहोटी ठाऊक नाही. दिवस मावळेपर्यंत बघते. मग बॅग भरते." आणि टॉवेल खांद्यावर टाकून धक्क्यावरच्या न्हाणीघरात आंघोळीला गेली.

आता जे करायचं ते मलाच करायचं होतं.

मी नारळ पाण्यातून काढला, पाठीमागे हात नेऊन चांगला अंदाज घेतला. एके काळी आमच्या गुहागरच्या टीमचा मी ओपनिंग बोलर. माझा चेंडू एकदा स्टंप मोडून, यष्टिरक्षकाला चुकवून, शेजारच्या वाडीतल्या म्हशीला लागला होता, आणि ती म्हैस त्या दिवसापासून दुप्पट दूध द्यायला लागली, असं तिचा मालक सांगायचा. मी धावत आलो आणि फेकला. नारळ मरीनाच्या तोंडापर्यंत गेला. शपथ. मी हात झटकले.

धप्प! धक्क्यावरून वासराएवढं काहीतरी पाण्यात पडलं. फिफी! मी "नको! नको रे! बस! सिट!" असं मराठीत, इंग्रजीत आणि येत नसलेल्या ग्रीकमध्ये ओरडलो. त्याला वाटलं, मी शाबासकी देतोय. तो आणखी जोरात पोहला. नारळाची शेंडी दातांत धरून वर आला, अंग झटकलं आणि केस टॉवेलात बांधून न्हाणीघरातून बाहेर पडणाऱ्या सुगंधाच्या पायांशी त्याने तो ठेवला.

"परत आला," सुगंधा म्हणाली.

"कुत्र्याने आणला! दर्याने नाही! कुत्र्याने आणलेला धरत नाहीत!"

"बरं. नाही धरत." तिने फिफीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नारळ पुन्हा हात जोडून, डोळे मिटून पाण्यात सोडला.

आता हा नारळ बिचारा डीटरच्या होडीकडे वाहत गेला, हे मला सोयीचं वाटलं. लांब जातोय ना? जाऊ दे. मी आत जाऊन डुलकी काढली. जाग आली तेव्हा डीटर आमच्या फळीवर ताठ उभा होता, दोन्ही हातांवर पांढरा नॅपकिन आणि नॅपकिनवर नारळ. पण काय नारळ! गोड्या पाण्याने धुतलेला, हळद-कुंकवाचा मागमूस नाही, लाकडाला लावतात ते तेल लावून चकचकीत केलेला, आणि शेंडी? शेंडी विंचरलेली होती. मधोमध भांग पाडून.

"तुमची वस्तू पाण्यात पडली होती," डीटर म्हणाला. "फार दुर्लक्ष झालेलं दिसलं तिच्याकडे. मी जरा व्यवस्थित केली."

मी त्याचा गळा धरणार होतो. पण सुगंधा मध्ये आली, "थँक यू, थँक यू" म्हणत तिने नारळ घेतला आणि त्याला दोन चकल्या दिल्या. डीटरने एक चकली खाल्ली आणि दुसरी कुठल्या दिशेला वळवलीय ते बघत बसला.

"दुसऱ्यांदा," सुगंधा मला म्हणाली.

"जर्मनाने आणलेलाही धरत नाहीत!"

"मग कुणी आणलेला धरतात?"

"दर्याने स्वतः हातात दिला पाहिजे."

हे मी बोललो. माझ्याच तोंडाने. पुढे काय झालं ते ऐका.

ग्रीसमध्ये दुपारी जेवण झालं की माणसं, मांजरं, बोटी, सगळं झोपतं. सुगंधासुद्धा आत आडवी झाली. नारळ तिने देवाच्या तसबिरीसमोर ठेवला होता, नवं कुंकू लावून. मी तो उचलला, पट्ट्यापट्ट्यांच्या हाफपँटीवर आमच्या रबरी होडक्यात उतरलो आणि वल्ही मारत मरीनाबाहेर निघालो. बंदराची भिंत ओलांडायची, मोकळ्या समुद्रात नारळ सोडायचा, परत येऊन झोपेचं सोंग घ्यायचं. साधा बेत.

भिंतीच्या आत वारा म्हणजे गालावर फुंकर होती. भिंतीच्या बाहेर पडलो आणि टोपी गेली. मी टोपी धरायला हात केला तर उजवं वल्हं गेलं. एका वल्ह्याने होडकं गोल गोल फिरायला लागलं. चक्कर यायच्या आत काम उरकावं म्हणून मी नारळ वाऱ्याच्या तोंडाकडे जीव खाऊन फेकला. वाऱ्याने तो मधेच हवेत थोपवून धरला. खोटं वाटतंय ना? मलाही वाटलं. थोपवला, खाली टाकला, एक हिरवीगार लाट उठली, तिने नारळ अलगद वर उचलला आणि माझ्या मांडीत आणून ठेवला. ओंजळीतला खाऊ पोरासमोर रिकामा करावा तसा. एक थेंबही पाणी बाहेर सांडलं नाही.

मी नारळाकडे पाहिलं. नारळ शेंडीच्या भांगातून आपल्या तीन डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होता.

मग मी मागे पाहिलं आणि नारळ विसरलो. वारा मला मरीनाच्या तोंडाकडे नेत नव्हता. भिंतीला लागून जे काळे, शिंपल्यांच्या धारेचे खडक होते, तिकडे नेत होता. त्यांच्यावर लाट फुटली की दगड दिसायचे, आणि माझं होडकं रबराचं.

"अहोऽऽऽ! कुणी आहे काऽऽ!" मी ओरडलो. ग्रीसमधली माणसं मराठी हाकेला उठतात, हा माझा अनुभव आहे. भिंतीवर स्ताव्रोस आला, गंजीवर. त्याने कपाळावर हात मारला आणि आपल्या मोटरबोटीकडे पळाला. मोटरबोट नुसती खोकली, चालू होईना. डीटर आला, त्याने खडक पाहिले, मला पाहिलं आणि दोर शोधायला गेला. त्याचा दोर सुंदर गुंडाळलेला असणार, सोडवायला वेळ लागणार, हे मला बसल्या जागी कळलं. फिफी भिंतीवरून उडी मारायच्या तयारीत होता, पण एवढ्या लाटा बघून त्यानेही विचार बदलला.

आणि मग मला आमच्या इंजिनाचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो.

मरीनाच्या तोंडातून 'सुगंधा' बाहेर आली. चाकावर सुगंधा, पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. तिने खडकांकडे होडी वळवली नाही. उलट लांब गेली, वाऱ्याकडे. मी ओरडलो, "इकडे! अगं, इकडे!" तिने ऐकलंच नाही, किंवा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. बराच वर गेली, मग वळली, आणि इंजिन अगदी मंद करून वाऱ्याबरोबर माझ्याकडे घसरत आली, वारा आणि माझ्यामध्ये होडीची भिंत उभी करत. एकदम माझ्यावरचा वारा थांबला. लाटा मऊ झाल्या. होडीची कड माझ्या होडक्याला हलकेच लागली, टक्.

मी हात वर केला.

"आधी नारळ," सुगंधा म्हणाली.

मी आधी नारळ दिला. मग दोर. मग मी स्वतः, पट्ट्यापट्ट्यांची हाफपँट सावरत.

"चाक दे आता इकडे," मी धापा टाकत म्हणालो. सवय हो, दुसरं काय.

"बसा खाली."

मी बसलो. ती मरीनात शिरली. धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं, दुपारची झोप सोडून. तिने होडी वळवली, मागे घेतली, एकदा पुढे, एकदा मागे, आणि मागची बाजू धक्क्याला अशी लागली की मध्ये ठेवलेलं अंडं फुटलं नसतं. स्ताव्रोसची खुर्ची वाळून पुन्हा तिथेच आली होती, धक्क्याच्या अगदी कडेला. जागची हलली नाही. या खेपेच्या टाळ्या कुणासाठी होत्या, त्याबद्दल कुणाला काही शंका नव्हती.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"बाबांनी."

"त्यांनी तर तुला होडीत पायही ठेवू दिला नाही!"

"किनाऱ्यावरून सगळं दिसतं. उलट जास्तच दिसतं." तिने इंजिन बंद केलं. "आणि उरलेलं तुमच्याकडून शिकले. काय करू नये ते."

डीटरला यातलं एक अक्षर समजलं नाही, पण तो इतका हसला की त्याला धरावं लागलं.

सूर्य टेकडीमागे चालला होता. मी ओल्या कपड्यांत, मान खाली घालून बसलो होतो. नारळ आमच्या दोघांमध्ये ठेवलेला.

"या वेळेला खुद्द दर्यानेच दिला," मी म्हणालो. "माझ्या मांडीत ठेवला. मी बघितलं. विमानाचं बघतो मी उद्या."

सुगंधाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "परत आलेल्या नारळाचा अर्थ कोण लावतं?"

"तांडेल."

"मग? या होडीचा तांडेल कोण?"

मी तोंड उघडलं. सवयीने "मी" म्हणणार होतो. तेवढ्यात धक्क्याच्या कडेच्या त्या खुर्चीवर स्ताव्रोस येऊन बसला, पाय पसरून, अगदी निर्धास्त. आदल्या दिवशी ज्या जागी पाण्यात गेला असता, त्याच जागी.

"तू," मी म्हणालो.

"पुन्हा बोला. वारा आहे, ऐकू आलं नाही."

"तू, तू! तांडेल तू! माझे आई, तूच!"

ती उठली. लोखंडी खुंटाला होडी बांधली होती, त्याच्यावर तिने नारळ आपटला. एका फटक्यात दोन सारख्या वाट्या. पाणी फिफीने चाटलं.

"देवळात नारळ वाढवला की गुरव अर्धा परत देतो," ती म्हणाली. "त्याला आपण काय म्हणतो? नाकारला म्हणतो?"

"प्रसाद म्हणतो."

"दर्याने अख्खा दिला." आणि ती हसायला लागली. आदल्या दिवसापासून, खरं म्हणजे कित्येक बेटांपासून, ती हसली नव्हती. हसत हसतच म्हणाली, "बसा खोवायला. आणि पातळ खोवा, जाडंभरडं नको. मी मध घेऊन येते, गूळ संपलाय."

त्या संध्याकाळी आमच्या छोट्या कुकरमध्ये नारळीभात शिजला. वेलची होती, लवंगा होत्या, गुळाच्या जागी त्या बेटावरचा मध. धक्क्यावर सगळ्यांनी बशा धरून खाल्ला. डीटरने शितं ओळीत लावून खाल्ली. स्ताव्रोसने तीनदा घेतला आणि चौथ्यांदा फिफीच्या नावाने मागितला. नारळ एवढासा, आणि पुरला मात्र सगळ्यांना. कसा पुरला विचारू नका, मीच खोवला होता, तरी मलाही ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही क्रीटकडे निघालो. मी पुढे दोराजवळ उभा होतो, ती चाकावर.

"सोडा," ती म्हणाली. ओरडली नाही. मला स्वच्छ ऐकू आलं. मी दोर सोडला.

होडी धक्क्यापासून सुटली, तसा स्ताव्रोस खुर्चीवर उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळ्या मरीनाला ऐकू जाईल असा ओरडला, "कॅप्टन! सांभाळून जा, कॅप्टन!"

मी सवयीने हात वर केला.

तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मी तोच हात कपाळावरून फिरवला, घाम पुसल्यासारखा, आणि दोर गुंडाळायला घेतला.